मोटर सर्वांत शेवटी: दोन व्हॅक्यूम क्लीनरच्या दुरुस्तीच्या नोंदी

टेबलावर दोन यंत्रं. ‘अ’ वायरचं, चाकांवर ओढायचं, पिशवीऐवजी धुळीचा डबा असलेलं. पाटीवर ८०० वॅट, २३० व्होल्ट. तक्रारी: आठ-दहा मिनिटांत आपोआप बंद पडतं, जळका वास येतो, ओढ कमी, वायर आत गुंडाळली जात नाही. ‘ब’ बिनवायरचं, काठीसारखं, ६ सेलच्या २१.६ व्होल्ट बॅटरीवर. ट्रिगर दाबला की धाप लागल्यासारखं चालू-बंद होतं, तीन मिनिटांत मान टाकतं, आणि तोंडातला ब्रश फिरत नाही. दोन्हींवर “मोटर गेली” असा शिक्का बसलेला.

खर्च त्या-त्या यंत्राच्या नव्या किमतीच्या टक्क्यांत लिहिला आहे. वेळ प्रत्यक्ष कामाचा. भाग येण्याची वाट धरलेली नाही. ‘अ’ उघडताना प्लग काढलेला आणि हातात, ‘ब’ उघडताना बॅटरी आधी बाहेर. हे पुन्हा लिहीत नाही.

दिवस १ (३ तास, त्यातला १ वाया)

उघडण्याआधी मोजमाप. ० ते –४० किलोपास्कलचं व्हॅक्यूम गेज घेतलं, भोक पाडलेल्या रबरी बुचात बसवलं आणि बूच ‘अ’च्या पाइपच्या टोकाला घट्ट दाबलं. ११ किलोपास्कल. मग पाइप आणि डबा दोन्ही काढून तेच बूच मोटरीच्या तोंडाशी लावलं: २१. म्हणजे मोटर खेचते आहे. अर्धी ओढ वाटेतच गळते आहे. एवढं कळायला एकही स्क्रू काढावा लागला नाही.

चूक: पहिल्या वेळी बूच अर्धा मिनिट धरून ठेवलं. या मोटरी खेचलेल्या हवेनेच थंड होतात. तोंड बंद म्हणजे थंडावा बंद. आतला थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा खटका) उडाला आणि तो परत जुळेपर्यंत ४० मिनिटं यंत्र मुकं. पाच सेकंदांत आकडा वाचून सोडून द्यायचं.

तोंड बंद केल्यावर मोटरीचा सूर वर चढतो तो तिच्यावर ताण येतो म्हणून नव्हे. हवा ढकलायचं काम नसल्यामुळे ती मोकळी पळते. घरात अचानक असा चिरका सूर आला तर मोटरीकडे नव्हे, पाइपच्या वळणाकडे बघा.

गळती शोधायला डब्यात छोटी विजेरी पेटवून ठेवली आणि खोली अंधारी केली. दोन ठिकाणी उजेडाची रेघ दिसली: डब्याच्या तळाच्या झाकणाला बिजागरीकडे, आणि पाइप जिथे डब्याला जोडतो त्या कफच्या जवळ.

दिवस २ (४ तास)

झाकणाची स्पंजपट्टी दबून कागदासारखी झालेली. मुळात ती मोकळ्या छिद्रांच्या स्पंजची; सतत दाबाखाली राहिली की हा स्पंज परत फुगत नाही, आणि झाकण तर कायम बंदच असतं. बंद छिद्रांची ईपीडीएम (एक रबर) पट्टी लावायची. हाताशी ५ मिलिमीटरची होती, ती लावली. झाकण जोर लावून बंद केलं आणि लॅचची जीभ कट्कन तुटली.

ही चूक महागात गेली. जीभ सुटी मिळत नाही, डबाच घ्यावा लागतो: १८ टक्के. घेतला नाही. जिभेवर ‘पीओएम’ अशी खूण होती. या प्लास्टिकला झटपट चिकटणारे गोंद धरत नाहीत; दोनदा लावून बघितला, दोन्ही वेळा नखाने सुटला. तापवून वितळवायचा मोह टाळा, त्यातून फॉर्मॅल्डिहाइड सुटतं. शेवटी दोन्ही तुकड्यांत १ मिलिमीटरची दोन-दोन भोकं पाडून ०.८ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेने टाके घातले. दिसायला गोणी शिवल्यासारखं दिसतं, पण धरतं. मग ३ मिलिमीटरची पट्टी लावली. झाकण एका बोटाने बंद होऊ लागलं. तेच मोजमाप धरा. सील हे दाबून बसवायचं नसतं, टेकवायचं असतं.

पाइपची चीर कफपासून ४ सेंटिमीटरवर होती. तिथेच पाइप सगळ्यांत जास्त वाकतो. चिरेच्या पुढे, कफपासून ६ सेंटिमीटरवर कापून कफ परत चढवला. कफच्या आत आटे असतात आणि या पाइपचे आटे उलटे निघाले. ते लक्षात येईपर्यंत पक्कड लावून कफ ओरबाडून झाला होता. आधी हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. चिकटपट्टी गुंडाळून चालतं असं सांगितलं जातं. वाकणाऱ्या जागी ती आठवडाभरही टिकत नाही, शिवाय तिचा चिकटा धूळ धरतो.

पाइपच्या टोकाला आता १९.५. गळतीचं काम संपलं.

पाइप किती वाकणं सोसावा याला युरोपीय संघात कायद्याचा आकडा आहे. २०१३ च्या ६६६ क्रमांकाच्या नियमावलीनुसार, १ सप्टेंबर २०१७ पासून, पाइप ताणाखाली ४०,००० हेलकाव्यांनंतरही वापरण्याजोगा राहिला पाहिजे आणि मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे. रोज २० मिनिटं धरली तर ५०० तास साधारण चार वर्षांत संपतात. बॅटरीवर चालणारी यंत्रं या नियमावलीतून वगळलेली आहेत, म्हणजे ‘ब’सारख्यांना हे दोन्ही आकडे लागूच नाहीत.

दिवस ३ (५ तास, ३ वाया)

ओढ परत आली, तरी ‘अ’ नऊ मिनिटांत बंदच. कारण काल मोजलेला आकडा अर्धवट होता. तोंड पूर्ण बंद करून घेतलेलं मोजमाप गळती दाखवतं, अडथळा दाखवत नाही. हवा वाहतच नसेल तर कोंदलेला फिल्टर आणि नवा फिल्टर, दोन्हींचा आकडा सारखाच येतो. हे सकाळी सुचलं असतं तर वायरिंग तपासण्यात गेलेले तीन तास वाचले असते.

वाहत्या हवेचं मोजमाप असं: जाड पुठ्ठ्याला २० मिलिमीटरचं गोल भोक, पुठ्ठा पाइपच्या तोंडावर, आणि त्याच्या जरा मागे पाइपच्या जोडनळीत भोक पाडून गेज. आकडा ३.५. मोटरीच्या आधीचा फिल्टर काढला, ४. फारसा फरक नाही. मागचा, म्हणजे हवा बाहेर पडते तिथला बारीक फिल्टर काढला आणि आकडा थेट ६.५ वर.

मागच्या फिल्टरच्या घड्यांमध्ये पांढरट पीठ बसलेलं होतं. भिंतीच्या प्लास्टरची किंवा पुट्टीची धूळ. असली धूळ हवा चक्राकार फिरवणाऱ्या डब्यात नीट वेगळी होत नाही, पुढच्या स्पंजमधून पार होते, मोटरीतून जाते आणि मागच्या फिल्टरमध्ये ठाण मांडते. हा फिल्टर कागदी असतो, धुवायचा नाही. झटकून आकडा ४.२ झाला, बस्स. नवा घेतला: ६ टक्के. यंत्र पंचवीस मिनिटं न थांबता चाललं.

दिवस ४ (४ तास, दीड वाया)

जळका वास राहिलाच. कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला घासत वीज देणारे ठोकळे) संपत आले असतील या समजुतीने त्यांची नवी जोडी आधीच मागवून ठेवली होती: ४ टक्के, वाया.

प्लगपासून मोटरीच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन रोध मोजला: १.८ ओहम, आणि वायर हलवली की आकडा नाचतो. ६ मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची जोडतार ०.३ ओहमच्या आसपास यायला हवी. वरचा दीड ओहम कुठे? वायर गुंडाळणाऱ्या चकरीत. तिथे वीज सरकत्या कड्यांवर घासणाऱ्या पितळी पात्यांतून जाते. साडेतीन अँपिअर करंटला दीड ओहम म्हणजे १८ वॅट उष्णता, आणि तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. वास मोटरीचा नव्हताच, चकरीच्या प्लास्टिकचा होता.

चकरीचं झाकण उचलताना स्प्रिंग बाहेर आली. चार-पाच मीटर लांब पोलादी पट्टी, धार चाकूसारखी. हातमोजे होते म्हणून निभावलं. ती परत गुंडाळायला दीड तास गेला. झाकण काढण्याआधी चकरीच्या भोकातून खिळा घालून तिला चौकटीशी अडकवा, मग काहीही उडत नाही.

कड्यांवर काळे खड्डे पडलेले. ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पाती चिमट्याने थोडी उचलून दाब वाढवला. आता ०.३५ ओहम. स्प्रिंगला सुरुवातीचे तीन वेढे ताण दिला. वायर आत जात नाही म्हणून पाच-सहा वेढे देण्याचा मोह होतो. मग वायर पूर्ण ओढल्यावर स्प्रिंगचं आतलं टोक आकड्यातून तुटतं. ब्रेकचं रबरी चाक कडक होऊन चकाकत होतं, ते खरवडून खरबरीत केलं.

दिवस ५ (५ तास)

मोटर उघडायची खरं तर गरज नव्हती. पण हाताने फिरवली तर पंख्याच्या बाजूने खरखर येत होती, आणि पुढच्या फिल्टरच्या बैठकीवर बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा दिसला. फिल्टरची चौकट मधोमध वाकलेली, तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. चौकटीला आधाराची एक जास्तीची पट्टी असती तर हे टळलं असतं.

पंख्याचं पत्र्याचं झाकण दाबून बसवलेलं असतं. सपाट स्क्रू-ड्रायव्हरने एका जागी उचकटू नका. कडेकडेने फिरत अर्धा-अर्धा मिलिमीटर उचला, नाहीतर ते लंबगोल होतं आणि पंखा घासतो. नट काढण्याआधी पंखा आणि दांडा दोन्हींवर मार्करने खूण करा. पंखा दुसऱ्या कोनात बसला तर तोल जातो. या मोटरीचा नट उल्ट्या आट्यांचा होता.

कार्बन मूळ ३२ मिलिमीटरपैकी १९ उरलेले, अजून बरंच आयुष्य. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, चॉकलेटी, गुळगुळीत. हा रंग म्हणजे मळ नव्हे, तो थर कार्बनला नीट सरकू देतो. पॉलिशपेपर लावून तो काढू नका. खड्डे किंवा उठलेली पट्टी दिसली तरच काळजी.

बेअरिंग ६०८, म्हणजे आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर. खणात रबरी सीलचं ६०८ होतं, तेच ठोकून बसवलं. दहा मिनिटांत त्या जागी बोट टेकवेना. रबरी सील आतल्या कड्याला घासतं आणि मोटर मिनिटाला ३०,००० च्या पुढे फिरते. त्या वेगासाठी ते बनलेलंच नसतं. परत सगळं उघडून पत्र्याच्या झाकणांचं, न घासणारं बसवलं. कोमट राहिलं. सगळा मिळून अडीच तासांचा फटका, बेअरिंगचा खर्च एक टक्काही नाही. दांड्यावर बसवताना दाब आतल्याच कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं.

जोडल्यावर पहिली चाचणी १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही.

दिवस ६ ते ९ (‘ब’, कामाचे २ तास, बाकी वाट)

‘ब’ची धाप. काठी काढली, तीच धाप. डबा काढला, तीच. फिल्टर काढला, थांबली. यंत्रातला कंट्रोलर हवा कमी पडली की मोटर सोडतो, मग परत धरतो. म्हणून ही धाप बहुतेकदा बिघाड नसते, हवा कोंडल्याची सूचना असते.

फिल्टरमध्ये धूळ सिमेंटसारखी घट्ट. ओला असतानाच परत बसवला की हेच होतं. धुतला आणि वाळायला ठेवला, पण हाताने “वाळलाय” म्हणण्यावर भरवसा ठेवला नाही, काट्यावर ठेवला. धुण्याआधी झटकून ५१ ग्रॅम. धुतल्यावर १३१. २४ तासांनी ५९, वरून पूर्ण कोरडा लागत होता. ४८ तासांनी ४९, तिसऱ्या दिवशी ४८ आणि तिथेच स्थिर. यंत्रासोबतच्या पत्रकात २४ तास लिहिलेले असतात. त्या क्षणी आत अजून ११ ग्रॅम पाणी होतं, आणि ते सरळ मोटरीच्या तोंडात गेलं असतं.

दिवस १० (६ तास, जवळपास सगळे वाया)

बॅटरी. पूर्ण चार्ज करून सहाही सेल वेगवेगळे मोजले: ४.११, ४.१२, ४.१०, ४.१२, ३.६२, ४.११ व्होल्ट. पाचवा मागे. यंत्र जोरात चालवलं की तो २.६ वर कोसळतो आणि बॅटरीतलं सर्किट सगळ्यांनाच बंद करतं. पाच सेल ठणठणीत, एकामुळे मान टाकली जाते. या सर्किटमध्ये सेल समतोल करायची सोयच नाही. एकदा एक मागे पडला की प्रत्येक चार्जला अंतर वाढत जातं.

पहिला उपाय: पाचव्या सेलला बाहेरून ४.२० व्होल्ट, अर्धा अँपिअरने वर आणलं. दोन चार्ज टिकलं. मग परत ३.७ आणि सोबत बिघाडाचा लाल दिवा. नुसता मागे पडलेला सेल नव्हता तो, आतून झिरपणारा होता. एक दिवस तसाच ठेवून व्होल्ट उतरतो का, हे आधी बघायला हवं होतं. सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर हा प्रयोगही करू नका.

दुसरा उपाय: सहाही सेल नवे. निकेलपट्टी ०.१५ मिलिमीटर, स्पॉट वेल्डरने. इथे दोन गोष्टी. एक, सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णता आत जाते. दोन, पट्टी खरी निकेल आहे का तपासा: तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी तांबूस डाग दिसला तर ते निकेल चढवलेलं लोखंड. सर्वांत जोराच्या खटक्यावर हे यंत्र ५०० वॅट घेतं, म्हणजे २३ अँपिअर; एक पट्टी पुरत नाही, तीन थर दिले. सेलही तेवढा करंट देणारे हवेत, लॅपटॉपमधून काढलेले चालत नाहीत.

सगळं चोख झालं आणि लाल दिवा तसाच. सर्किटने बिघाड आपल्या स्मृतीत कायमचा लिहून ठेवलेला. सेल बदलले तरी ते माफ करत नाही. सेल आणि पट्ट्यांचे १४ टक्के गेले. सेल बदलायला घेण्याआधी सर्किट कुलूपबंद आहे का ते बघा. लाल दिवा आलेला असेल तर वेल्डर काढूच नका.

शेवटी तयार बॅटरी घेतली: २२ टक्के. निवडताना एकच कसोटी लावली. त्याच आकाराच्या सहा १८६५० (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) सेलमध्ये ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास मर्यादा येते. ५,००० लिहिलेल्या सरळ बाजूला ठेवल्या. मूळ बॅटरी ४१२ ग्रॅम, आलेली ४०५. तीनशेच्या घरात भरली असती तर परत पाठवली असती.

दिवस ११ (३ तास)

फिरणारा ब्रश. दोष दोन होते आणि एकमेकांना झाकत होते. मानेच्या सांध्यातून जाणारी तार आवरणाच्या आत तुटलेली: सरळ धरलं की मल्टीमीटर वाजतो, मान ४५ अंशात वाकवली की गप्प. पीव्हीसीची कडक तार रोज शेकडो वेळा वाकणाऱ्या जागी घालणं याला कंजूषपणा म्हणतात. तेवढ्याच जाडीची, सिलिकॉन आवरणाची, बारीक काड्यांची तार टाकली आणि सांध्यात ३ सेंटिमीटर ढील सोडली.

तरी ब्रश अडखळतच. टोकाची टोपी काढली. केस टोपी आणि दांड्यामध्ये शिरून घट्ट कडं झालेलं, बाहेरून अजिबात दिसत नव्हतं. घर्षणाने टोपी वितळून तिचं भोक लंबगोल. कात्रीने वरचे केस कापून ब्रश “साफ” केलेला असतो, पण हे कडं तसंच राहतं. टोपी काढल्याशिवाय ते जात नाही. टोपी सुटी मिळत नाही, अख्खा ब्रश घेतला: ९ टक्के.

दिवस १२ (२ तास): स्क्रू

दोन्ही यंत्रं मिळून ४१ स्क्रू, चारांचे आटे गेले. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. परत घालताना सरळ फिरवले की जुन्यांशेजारी नवे आटे पाडून खांब पोकळ करतात. आधी उलटा फिरवा, ‘टक्’ जाणवला की स्क्रू जुन्या खाचेत पडला, मग हाताने आवळा. मशीन लावू नका.

गेलेल्या चारांपैकी एकात पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) गरम करून घातला. खांबाची भिंत जेमतेम १.२ मिलिमीटर, उभी फाटली. बाकी तिघांत एबीएस प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली खळ भरली, दोन दिवस वाळवून नवं भोक पाडलं. फाटलेलाही तिनेच जोडला. प्लास्टिकवर ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन) लिहिलं असेल तर ही खळ निरुपयोगी. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर लावायचा नाही, एबीएसला त्याने तडे जातात. सीलवर साधं ग्रीसही नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही पुसल्यागत.

दिवस ५४ (अर्धा तास)

सहा आठवड्यांनी फेरमोजणी. ‘अ’: बंद तोंडाला १९, भोकाच्या पुठ्ठ्याला ६.३, चकरीचा रोध ०.३८ ओहम. तारेचे टाके जागेवर. एकूण खर्च वाया गेलेला धरून ११ टक्के. ‘ब’: मधल्या खटक्यावर २६ मिनिटं, धाप नाही, खर्च ४५ टक्के, त्यातले १४ टाळता आले असते. टोपीखाली पुन्हा केसांचं कडं सापडलं, बारीक, पण सहाच आठवड्यांत. आता दर महिन्याला टोपी काढायची. टोपीवरची नाण्याने फिरवायची खाच पहिल्याच दोन वेळांत गोल व्हायला लागली आहे, म्हणून तिच्यात पत्र्याचा तुकडा बसवून बघतो आहे.